अनोळखी शहरात एकटीने जाताना: कोणता भाग टाळू, याच्या आधी काय ठरवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात सहा दिवसांसाठी अगदी अनोळखी शहरात एकटीने जायचंय, तिथली भाषा येत नाही, पोचायची वेळ रात्री साडेअकरा. कोणते भाग टाळावेत, पैसे कुठे लपवावेत, आणि घरचे दर तासाला फोन कर म्हणतात त्याचं काय करावं?

तिन्हींची उत्तरं देते, पण क्रम बदलून. नवख्या माणसाचं नुकसान बहुतेकदा दोन कारणांनी होतं. दमलेलं, भुकेलं आणि बावरलेलं असताना उभ्याउभ्या निर्णय घ्यावे लागतात, हे पहिलं. दुसरं म्हणजे नकाशा, तिकीट, पैसे, घरच्यांचे नंबर असं सगळं एका फोनमध्ये असतं आणि तो गेला की हातात काहीच उरत नाही. तयारी या दोन गोष्टींची करायची. भागांची यादी त्यानंतर, आणि ती फार लांब होत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मूळ पासपोर्ट जवळ बाळगायचा की खोलीवर ठेवायचा, याचं एकच उत्तर नाही. काही देशांत परदेशी माणसाने मूळ ओळखपत्र जवळ ठेवणं कायद्याने बंधनकारक असतं, तिथे झेरॉक्स चालत नाही. रोख किती लागेल, रात्रीची मेट्रो बरी की टॅक्सी, हेही शहराशहरावर आहे. एवढं निघण्यापूर्वी शोधून ठेवा. बाकीचं जवळपास कुठेही लागू पडतं.

आधी पोचण्याची रात्र, कारण सगळ्यात कच्चा दुवा तोच. पहिली रात्र मुक्कामाच्या मुख्य ठिकाणी काढायलाच हवी असं नाही. विमानतळाजवळ किंवा स्टेशनजवळ, रात्रभर रिसेप्शनवर माणूस असलेली खोली एका रात्रीपुरती घेतली तर बरेचसे प्रश्न उद्भवतच नाहीत. तसं जमत नसेल तर हॉटेलला लेखी विचारा: "मी रात्री एकच्या सुमारास येईन, दार उघडायला कोण असेल?" छोट्या भाड्याच्या घरांत किल्ली पेटीत ठेवलेली असते, तिचा कोड मेसेजने येतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे इंटरनेट नसतं. कोड, इमारतीचा फोटो आणि मालकाचा नंबर आधीच मिळवून कागदावर उतरवा. पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेला हवा. रोमन लिपीतला पत्ता वाचता न येणारे चालक खूप भेटतात.

विमानातून उतरल्यावर घाईने बाहेर पडू नका. सुरक्षा तपासणीच्या किंवा कस्टम्सच्या आतल्या बाजूलाच बसा. फोन चालू होतो का पाहा, घरी मेसेज टाका, स्वच्छतागृहात जाऊन या, त्या रात्रीपुरते पैसे वेगळ्या खिशात काढा. ही दहा-पंधरा मिनिटं फुकट जात नाहीत. बाहेरच्या दारात थांबून बॅगेत काहीतरी शोधणारा माणूस कोणालाही दुरून ओळखू येतो, आणि "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत अंगावर येणारे त्यालाच गाठतात. जो आपणहून तुमच्याकडे आला त्याच्या गाडीत बसायचं नाही. आधी ठरवलेली गाडी, विमानतळाच्या आतल्या काउंटरवरची गाडी किंवा ॲपवरची गाडी, या तिघांतूनच निवडा.

ॲपची गाडी आली की आधी नंबरप्लेट जुळवा, मग चालकाला विचारा, "कोणाला घ्यायला आलात?" नाव त्याने सांगायला हवं. "तुम्ही अमुकसाठी आलात ना?" असं विचारलंत तर कोणीही मान डोलावेल. मागच्या सीटवर बसा आणि दार लावण्याआधी चाइल्ड लॉक लागलेलं नाही ना बघा, म्हणजे दार आतून उघडतं याची खात्री होते. पाकीट, कागदपत्रं, औषधं, फोन असलेली बॅग डिकीत जाऊ देऊ नका. भाड्यावरून वाद झाला तर डिकीतलं सामान चालकाच्या ताब्यात असतं आणि मग तो म्हणेल ती रक्कम द्यावी लागते.

आता फोन. यावर जरा जास्त लिहिते, कारण पाकिटापेक्षा फोन गेल्याने जास्त वाट लागते आणि तयारी मात्र लोक पाकिटाची करतात.

चोराला लॉक असलेल्या फोनपेक्षा लॉक उघडलेला फोन हवा असतो. म्हणून फोन हातातून हिसकावला जातो तो नकाशा बघताना, किंवा आधी कोणीतरी खांद्यावरून तुमचा पिन पाहून ठेवतो आणि मग फोन उचलतो. पिन निदान सहा आकडी ठेवा, चारचौघांत बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्यानेच उघडा, आणि स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ ३० सेकंदांवर आणा. आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' ही सोय २०२४ पासून आहे. ती सुरू असली की अनोळखी ठिकाणी महत्त्वाचे बदल नुसत्या पिनवर होत नाहीत. अँड्रॉइडमध्ये फोन हिसकावल्यासारखा झटका बसला की स्क्रीन लॉक करणारी सोय आहे, सेटिंगमध्ये 'थेफ्ट' शोधा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर ओटीपी कुलपाच्या बाहेरूनच वाचता येतो.

सिमचा पिन हा बहुतेकांच्या लक्षातच नसतो. फोन कितीही पक्का लॉक केलात तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे ओटीपी तिकडे येऊ लागतात. सिमला पिन लावला की ते सिम दुसऱ्या फोनमध्ये तो पिन विचारतं. पण हे घरी असतानाच करा. तीनदा पिन चुकला तर सिम अडतं आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक (अडलेलं सिम उघडणारा क्रमांक) घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी. ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, वेगळं कार्ड नसलेलं सिम) असेल तर ते उपसून काढताच येत नाही, तो एक फायदा.

दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. हरवलेला फोन शोधायला तुम्ही दुसऱ्याच्या फोनवरून खात्यात शिरता, तर खातं म्हणतं, "तुमच्या फोनवर कोड पाठवला आहे." म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच. यावर उपाय असा: गूगल खात्यात आठ आकडी दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते लिहून पाकिटापासून वेगळे ठेवा. अँड्रॉइडची 'रिमोट लॉक' सोय नुसता फोन नंबर टाकून चालते, मात्र ती आधी सुरू केलेली असायला हवी. आयफोन असेल तर आयक्लाउडच्या संकेतस्थळावरचं फोन शोधण्याचं पान पडताळणी कोडाशिवाय उघडतं, फक्त पासवर्ड तोंडपाठ हवा. *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, दोन सिमच्या फोनला दोन. तोही कागदावर उतरवा, पोलिसांत तक्रार देताना विचारतात.

फोन गेलाच तर क्रम महत्त्वाचा. आधी फोन दुरून लॉक करा, मग बँकेची कार्डं आणि ॲप थांबवा, त्यानंतर सिम बंद करायला सांगा. घाबरून लोक पहिला फोन सिम कंपनीला करतात. सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट जातं आणि लॉक करण्याचा संदेश त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फोन आपल्या खात्यातून काढून टाकू नका, त्याने चोराचंच काम सोपं होतं. काही दिवसांनी "तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा" असा मेसेज येतो. तो जवळपास नेहमीच चोराकडचा असतो, पासवर्ड मिळवण्यासाठी.

नकाशा घरीच उतरवून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत हा निळा ठिपका तसाही दिसतो. पण गूगल मॅप्स ऑफलाइन असताना पायी जाण्याचा किंवा बस-ट्रेनचा मार्ग दाखवत नाही, फक्त गाडीचा दाखवतो. तेव्हा पायी जायचे दोन-तीन मार्ग स्क्रीनशॉट काढून ठेवा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ३७ वॉट-अवर. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते, पण ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते. आपत्कालीन क्रमांक स्थानिक कोणता ते पाहून ठेवा. ११२ पुष्कळ देशांत चालतो आणि फोन लॉक असतानाही लावता येतो.

(सार्वजनिक वायफायबद्दल फार घाबरवलं जातं. आता बहुतेक संकेतस्थळांची देवाणघेवाण कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणारी, असते, त्यामुळे त्यातला धोका पूर्वीइतका राहिलेला नाही. वायफायला जोडताना ईमेलचा पासवर्ड किंवा कार्ड क्रमांक मागणारं पान आलं तर मात्र बाहेर पडा. पार्किंग यंत्रावर किंवा मेनूवर मूळ क्यूआर कोडवर चिकटवलेला दुसरा कोड हे आज जास्त खरं संकट आहे. नखाने कडा चाचपून पाहा.)

पैसे लपवण्यापेक्षा विभागा. दिवसभराचा खर्च आणि एक कार्ड पाकिटात. दुसऱ्या खात्याचं कार्ड आणि थोडी रोख अंगावर कपड्यांच्या आत. तिसरा हिस्सा खोलीवर, कुलूपबंद बॅगेत. दोन कार्डं एकाच खात्याची असून उपयोग नाही, खातं गोठलं की दोन्ही गेली. निघण्याआधी ॲपमध्ये दोन्ही कार्डांची रोजची मर्यादा कमी करा. कमरेच्या आतल्या पट्ट्यातून रस्त्यात पैसे काढायचे नाहीत. तो चोरखिसा एकदा कोणी पाहिला की तो चोरखिसा उरत नाही. लागलेच तर स्वच्छतागृहात जाऊन काढा.

एटीएम बँकेच्या आतलं, तेही बँक उघडी असताना वापरा. कार्ड अडकलं तर दार ठोठावायला माणूस असतो. कार्ड टाकायची खाच हलवून बघा, पण काही स्किमर (कार्डाची माहिती चोरणारी छोटी यंत्रं) इतके आत बसवलेले असतात की हलवून कळत नाहीत. म्हणून खरी काळजी आकडे दाबतानाची: दुसऱ्या हाताने कीपॅड पूर्ण झाका. कार्डाची माहिती चोरीला गेली तरी पिनशिवाय रोख निघणं अवघड. कार्ड अडकल्यावर "पुन्हा पिन टाकून बघा" असं सांगायला कोणी मदतनीस पुढे आला तर समजा, तो पिनच बघायला आलाय. आणि यंत्राने "तुमच्या देशाच्या चलनात आकारू का?" विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. हा चोरीचा प्रकार नाही, पण दर जवळपास नेहमीच वाईट लागतो.

आता रस्ता आणि भाग. "हा भाग सुरक्षित" या वाक्याला वेळ आणि गल्ली जोडल्याशिवाय अर्थ नाही. दुपारी गजबजलेला बाजार रात्री दहाला ओस पडतो, कचेऱ्यांचा भाग संध्याकाळी सातनंतर सुन्न होतो. त्यामुळे भागाचं नाव न विचारता तीन गोष्टी तपासा. स्टेशन ते मुक्काम हे शेवटचे तीनशे मीटर रस्त्याच्या छायाचित्रांत कसे दिसतात: दुकानं, दिवे, खिडक्या आहेत की लांबच लांब भिंत? शेवटची ट्रेन किती वाजता? आणि राहून गेलेल्यांच्या अभिप्रायांत 'रात्री', 'एकटी', 'आवाज' हे शब्द शोधले तर काय सापडतं? मुक्कामाला पोचल्यावर रिसेप्शनला "इथे सुरक्षित आहे का?" विचारू नका, उत्तर हो असंच येणार. "रात्री अकरा वाजता स्टेशनवरून चालत यायचं तर तुम्ही स्वतः कोणत्या रस्त्याने याल?" असं विचारा.

खिसेकापूंच्या जागा ठरलेल्या असतात: ट्रेनची दारं बंद होण्याचा क्षण, सरकत्या जिन्याची टोकं, बसमध्ये चढतानाची रेटारेटी. "खिसेकापूंपासून सावध" अशी पाटी वाचली की माणसाचा हात आपसूक पाकिटावर जातो, आणि पाकीट कुठे आहे ते बघणाऱ्याला कळतं. लक्ष विचलित करण्याच्या तऱ्हाही त्याच त्याच: कपड्यावर काहीतरी सांडणं आणि पुसायला येणं, सहीसाठी फळी नाकासमोर धरणं, पायाशी अंगठी "सापडणं". या सगळ्यांची यादी पाठ करायची गरज नाही. आपल्याजवळ अचानक काहीही घडलं की आधी हात बॅगेवर, मग दोन पावलं मागे भिंतीकडे, मग बघायचं काय झालं. बॅग रस्त्याच्या उलट बाजूच्या खांद्यावर ठेवा, दुचाकीवरून हिसकावणं अवघड जातं. पट्टा मनगटाला गुंडाळू नका. बॅग ओढली गेली तर तिच्यामागे तुम्ही फरफटत जाल. कोणी हत्यार दाखवून मागितलंच तर द्या. खिशात हात घालण्याआधी "पाकीट या खिशात आहे" असं खुणेने दाखवा, कारण झटकन घातलेला हात त्यालाही घाबरवतो.

रस्त्यात "पोलीस आहे, पाकीट दाखवा, नोटा तपासायच्या आहेत" म्हणणारा भेटला तर पाकीट हातात देऊ नका. "चौकीत जाऊन दाखवते" म्हणा. खऱ्या पोलिसाची त्याला सहसा हरकत नसते. गणवेशातल्या माणसाशी हुज्जत मात्र घालू नका.

पाठलाग होतोय असं वाटलं तर रस्ता ओलांडा आणि पुढे जाऊन पुन्हा ओलांडा. मागचा माणूसही दोन्ही वेळा ओलांडत असेल तर तो योगायोग नाही. मुक्कामाच्या दिशेने जाऊ नका, त्याला पत्ता कळेल. उजेडाच्या, माणसं असलेल्या दुकानात किंवा हॉटेलच्या लॉबीत शिरा आणि तिथूनच गाडी बोलवा.

एक गोष्ट प्रवासी हमखास विसरतात: वाहतूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख लोक रस्ते अपघातांत मरतात, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीवाले असतात. वाहनं उलट बाजूने चालणाऱ्या देशात गेलात तर डोळे सवयीने चुकीच्या दिशेला आधी बघतात. पहिले दोन दिवस ओलांडण्याआधी दोन्हीकडे, दोनदा बघा. ट्राम आवाज न करता येते आणि तुमच्यासाठी वळत नाही. भाड्याची दुचाकी घ्यायची असेल तर तुमचा परवाना तिथे चालतो का बघा. चालत नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

खोलीत शिरल्यावर पाच मिनिटांचं काम आहे. शक्यतो दुसऱ्या ते पाचव्या मजल्यावरची खोली मागा: बाहेरून सहज चढता येत नाही आणि आग लागली तर शिडी पोचण्याची शक्यता जास्त. रिसेप्शनने खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली मागायला संकोच करू नका. दारापासून आपत्कालीन जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते मोजा. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताने दारं मोजता येतात. जिन्याचं दार खरंच उघडतं का, तेही बघा. दाराच्या फटीत सरकवायची रबरी पाचर पन्नास-शंभर ग्रॅमची असते, ती सोबत ठेवा. भाड्याच्या घरात गॅसचा गीझर किंवा हीटर असेल तर झोपताना खिडकी थोडी उघडी ठेवा आणि जमल्यास कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म न्या. त्या वायूला वास नसतो. मध्यरात्री "रिसेप्शनवरून बोलतोय, कार्डाचा क्रमांक पुन्हा सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि स्वतः रिसेप्शनला लावा.

राहिला घरच्यांचा प्रश्न. दर तासाचा फोन नको. त्यात रस्त्यावर फोन हातात राहतो, बॅटरी संपते, आणि एखादा तास चुकला की घरी विनाकारण धावपळ. त्याऐवजी दिवसातल्या दोन वेळा ठरवा आणि वेळ टळली तर कोणी काय करायचं ते लिहून द्या. उदाहरणार्थ: रात्री दहापर्यंत मेसेज आला नाही तर घरच्यांनी मला फोन करायचा. अकरापर्यंत लागला नाही तर हॉटेलला, नाव आणि खोली सांगून. बारापर्यंत काही कळलं नाही तर तिथल्या दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक. हॉटेलचं नाव, पत्ता, दूतावासाचा नंबर, पासपोर्टच्या पानाचा फोटो आणि विम्याचा पॉलिसी क्रमांक घरी दोघांकडे हवा, एकाकडे नको. लाइव्ह लोकेशनही त्या दोघांनाच. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे तर ती जागा सोडल्यावर.

आणि 'रात्री दहा' म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या घड्याळातले की घरच्या, हे त्याच कागदावर लिहा. वेळेच्या फरकाचा हिशेब चुकला की अर्धी रात्र हॉटेलचा फोन वाजत राहतो.